खोळीच्या आकारात घोंगडीचा पोत: एका लोगोचं प्रकरण

फोन स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांचा होता. "मॅडम, फाइल उघडली. पण ह्यात काळे किती आहेत? मला एकच काळा मारता येतो."

लोगोची फाइल मी आदल्या रात्री पाठवली होती आणि स्क्रीनवर ती फार सुंदर दिसत होती. आकाराच्या आत पोत भरायचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कुठल्या बटणाने तो आत बसवायचा, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. तो पोत पुढे कशावर आणि कशाने उमटणार आहे, हे विचारलंच नव्हतं. या प्रकरणात सगळं त्या एका चुकीपासून सुरू होतं, म्हणून ती आधी सांगितली.

काम होतं माण तालुक्यातल्या एका सनगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजातल्या, कुटुंबाचं. आजोबा खड्डामागावर घोंगडी विणतात. दख्खनी मेंढीची लोकर हाताने कातलेली असते, उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात आणि रंग लोकरीचा मूळचाच असतो. नातवाने ती घोंगडी थेट गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली होती. त्याला लोगो चार ठिकाणी लागणार होता. मांजरपाटाच्या पिशवीवर १८० मिलिमीटर रुंद, घोंगडीच्या कोपऱ्याला शिवायच्या लेबलवर ३० मिलिमीटर, बिलावर मारायच्या रबरी शिक्क्यात आणि फोनवरच्या गोल चित्रात. ही यादी त्याने मला पहिल्याच भेटीत दिली होती. मी ती वहीत उतरवून घेतली आणि कामाला बसताना वही मिटून ठेवली.

आकार लवकर सुचला. पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात. वर टोक, दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे खांदे आणि समोर चेहऱ्यापुरती मोकळी जागा. लांबून पाहिलं तरी माणूस ओळखू येतो आणि घोंगडीही. नातवाला तो आकार पाहताक्षणी पटला. फक्त म्हणाला, "ताई, नुसती काळी खोळ रेनकोटची पण वाटंल. घोंगडं वाटलं पाहिजे." त्याचं बरोबर होतं. या लोगोत पोत ही सजावट नव्हती, आकाराचा अर्थच पोतावर उभा होता.

मग मी सगळ्यात सोपा रस्ता धरला. घोंगडी उन्हात पसरून फोनने जवळून फोटो काढला, कॉन्ट्रास्ट वाढवला, कोरलड्रॉ या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला आणि पॉवरक्लिपने खोळीच्या आत बसवला. आकार खिडकीसारखा आणि फोटो खिडकीमागे. हवा तसा सरकवता येतो, फिरवता येतो, लहान-मोठा करता येतो. दहा मिनिटांत खोळ लोकरीची दिसायला लागली. नवीन शिकणाऱ्या मुलांना मी आजही पॉवरक्लिप आधी शिकवते, कारण पोत आकारात कसा दिसेल हे बघायला त्याच्याइतकी झटपट सोय दुसरी नाही. बघून झाल्यावर मी तिथेच थांबले, हे मात्र चुकलं.

पॉवरक्लिपमध्ये फोटो कापला जात नाही, फक्त झाकला जातो. माझा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा होता, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. चार शायांच्या हिशेबात तो कच्चा ४८ एमबी भरतो. त्यातला खोळीत दिसणारा भाग निम्म्याहून कमी, पण फाइल ओझं सगळ्याचं वाहत होती. लेबलच्या ३० मिलिमीटरला इतके पिक्सेल कामाचेच नाहीत. ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, तिथे साधारण ३५५ पिक्सेल पुरतात. उलट उद्या दुकानावर सहा फुटांचा बोर्ड लावला तर तेच ४००० पिक्सेल ताणून ५५ पीपीआयवर येतात. लोगो म्हणून ज्याला कायमचं वापरायचं, त्याच्या पोटात असा एकाच मापाला बांधलेला फोटो असू नये.

पण हा हिशेब मला नंतर सुचला. आधी काकांनी जे सांगितलं ते त्याहून मूलभूत होतं. स्क्रीनच्या जाळीत छिद्र एक तर उघडं असतं, नाहीतर बंद. अर्धवट उघडं काही नसतं. शाई उतरते किंवा उतरत नाही. फोटोतल्या करड्या छटा छापायच्या तर त्यांचे बारीक ठिपके करावे लागतात. कागदावर ते जमतं. मांजरपाटाचा धागाच त्या ठिपक्यांपेक्षा जाड. ठिपका अर्धा धाग्यावर पडतो, अर्धा दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत जातो, आणि घोंगडीऐवजी मळकट डाग उमटतो. काकांनी मला न विचारता एक नमुना काढून ठेवला होता. खोळ कुठेकुठे काळी, कुठे शेवाळ धरल्यासारखी. "अर्धा एमएमच्या खालचं ह्या कापडावर काही मागू नका," ते म्हणाले. पुढचं सगळं काम त्या अर्ध्या मिलिमीटरने ठरवलं.

मग मी करड्या छटा काढून टाकल्या. कोरलड्रॉमध्ये फोटो एक-बिट, म्हणजे निव्वळ काळा-पांढरा करता येतो. त्याची एक खुबी फार लोकांना माहीत नसते, म्हणून थोडं थांबून सांगते. एक-बिट झालेल्या चित्राला आकारासारखा रंग देता येतो. रंगपट्टीवर उजवं क्लिक केलं की काळे पिक्सेल त्या रंगाचे होतात आणि पट्टीवरच्या फुलीवर डावं क्लिक केलं की मागचं पांढरं नाहीसं होतं. म्हणजे पोत हवा त्या रंगात आणि आरपार मिळतो. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, दुकानाचं पोस्टर अशा एकदाच छापायच्या कामाला हे उत्तम आहे आणि मी ते नेहमी वापरते.

लोगोला ते पुरणार नव्हतं, कारण पिक्सेल ते पिक्सेलच. म्हणून त्या चित्रावर आउटलाइन ट्रेस चालवला, म्हणजे पिक्सेलच्या कडा गिरवून त्यांच्या वक्ररेषा करून घेतल्या. तपशिलाची पट्टी पार उजवीकडे ओढली, कारण लोकरीचा एकही केस मला सोडवत नव्हता. ट्रेस झाला. शेप टूलने निवडून खाली पाहिलं तर नोडची, म्हणजे वक्ररेषा ज्यांवर बेतलेली असते त्या बिंदूंची, संख्या ३१ हजारांवर. फाइल हलवायची म्हटलं की संगणक दम खायचा. वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या रेषा, पाहिलं तर खोळीच्या जागी मुंग्यांचं वारूळ. तरीही मी त्याचा प्रिंट काढला आणि घोंगडी परत द्यायला गेले तेव्हा आजोबांना दाखवला.

त्यांनी कागद उजेडाला धरला. "ह्ये घोंगडं न्हाय, पोरी. पाथरवटाचा दगूड हाय ह्यो."

मी प्रिंट घोंगडीशेजारी ठेवला आणि ते खरंच तसं होतं. काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, खडबडीत बेसाल्टसारखा. चित्र घोंगडीच्याच फोटोतून निघालेलं आणि घोंगडीच त्यात नव्हती. आजोबांनी अंगठ्याचं नख घोंगडीवरून आडवं ओढलं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. नखाखाली धागा कुठे फुगत होता, कुठे बारीक होत होता, आणि तेवढाच बारीक खरखर आवाज येत होता. "हात असा जातोय," ते म्हणाले. एवढंच.

त्या नखाने माझी अडचण सोडवली. पोताला दाणा असतो तशी दिशाही असते. ट्रेस करताना सॉफ्टवेअर फक्त उजळ आणि गडद वेगळं करतं. दाणा सांभाळतं आणि दिशा हरवून बसतं, कारण कुठला ठिपका कुठल्या धाग्याचा आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. दगडाला दिशा नसली तरी तो दगड राहतो. घोंगडीची दिशा काढली की घोंगडी संपली. माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, त्याखाली मी ती घोंगडी तासभर पाहिली. उभे धागे खळीमुळे ताठ आणि बरेचसे आडव्यांखाली दडलेले. आडवे धागे हाताने कातलेले, म्हणून बोटभर अंतरात तीनदा जाड-बारीक होणारे. त्यांतून उठलेले केस भिंगाखाली खूप दिसतात, हातभर अंतरावरून एकही दिसत नाही. हातभरावरून दिसतात त्या फक्त कमी-जास्त जाडीच्या, मध्येच तुटणाऱ्या आडव्या लकेरी. म्हणजे लोगोला लकेरी हव्या होत्या आणि मी केसांच्या मागे लागले होते.

तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवला आणि बोरू घेतला. खरखरीत कागदावर काळ्या शाईने एकाखाली एक आडव्या रेघा ओढल्या, प्रत्येक एका दमात. बोरूची शाई संपत आली की रेघ आपोआप बारीक होते, कागदाच्या खळग्यावर तुटते. लोकरीचा धागा नेमका असाच चालतो. तीन पानं भरली, त्यातल्या २१ रेघा निवडल्या. ६०० डीपीआयला स्कॅन, एक-बिट, मग पुन्हा तोच ट्रेस. या वेळी तपशील मध्यावर ठेवून २३०० नोड आले. रिड्यूस नोड्सची पट्टी आणि मग हाताने एकेक टोक साफ करत ते ६०० च्या आसपास आणले. ट्रेसमध्ये दोष नव्हता हे इथे स्पष्ट सांगायला हवं. आधी त्याला काय काढायचं हे ठरवून दिलं की तो उत्तम काम करतो.

आता रेघा आकारात बसवण्याची वेळ. इथली प्रत्येक पायरी सावकाश सांगते, कारण शिकणारे बहुतेक जण इथेच अडतात.

सोपा मोह असा की रेघांना पांढरा रंग द्यायचा आणि काळ्या खोळीवर ठेवून द्यायच्या. पांढऱ्या कागदावर ते अगदी बरोबर दिसतं. मांजरपाट मात्र पांढरा नसतो, पिवळसर असतो. कोणी ती फाइल डिजिटल छपाईला दिली की रेघा खऱ्याखुऱ्या पांढऱ्या शाईने उमटतात आणि खोळ झेब्र्यासारखी दिसते. रेघा ही भोकं असायला हवीत. त्यांतून खालचं कापड दिसलं पाहिजे, मग ते कापड कुठलंही असो.

म्हणून आधी सगळ्या रेघा वेल्ड केल्या. कंबाइनने काम होईल असं वाटतं, पण जिथे दोन रेघा एकमेकींवर चढतात तिथे कंबाइन उलटं भोक पाडतो आणि पोतात अनोळखी चौकटी दिसायला लागतात. वेल्डने त्या खरोखर एकजीव होतात. मग खोळीच्या कडेपासून आत थोडी जागा सोडून एक आतली सीमा आखली आणि इंटरसेक्टने रेघा त्या सीमेपुरत्याच ठेवल्या. घोंगडीला काठ असतो तसा खोळीलाही अखंड काठ राहिला. रेघा थेट कडेपर्यंत नेल्या असत्या तर आकाराची कडाच कुरतडल्यासारखी झाली असती, आणि लहान मापात आधी कडाच ओळखू येते. फक्त खालच्या बाजूला दोन-तीन रेघा मुद्दाम बाहेरपर्यंत जाऊ दिल्या. तिथे घोंगडीच्या दशा, म्हणजे काठाबाहेर सुटलेले धागे, असतात.

त्यानंतर आधी रेघा निवडायच्या, शिफ्ट दाबून खोळ निवडायची आणि ट्रिम. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेवटी निवडलेली वस्तू कापली जाते. ट्रिम झाल्यावर काहीच झालं नाही असं वाटतं, कारण कापणाऱ्या रेघा आपल्या जागी तशाच बसलेल्या असतात. त्या उचलून बाजूला केल्या की खाली भोकं दिसतात. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं इथे हमखास अनडू करून परत पहिल्यापासून सुरू करतात.

शेवटी राहिली एकच वक्राकृती, एकच रंग. फोटो नाही, पॉवरक्लिप नाही, पारदर्शकता नाही. मी तिच्याखाली भडक पिवळा चौकोन ठेवला. प्रत्येक रेघेतून पिवळं दिसलं तर काम झालं. एका जागी पांढरं दिसलं. स्कॅनमधला शाईचा एक थेंब पांढरा तुकडा होऊन वर चिकटून राहिला होता. तो काढला. ही पिवळ्या चौकोनाची परीक्षा मी आता कुठलीच फाइल पाठवण्याआधी चुकवत नाही.

मापांचा प्रश्न अजून बाकी होता. १८० मिलिमीटरच्या खोळीत सगळ्यात बारीक रेघ १ मिलिमीटर होती, काकांच्या हद्दीच्या दुप्पट. तीच खोळ लेबलच्या ३० मिलिमीटरवर आणली की सहापट लहान होते आणि ती रेघ ०.१७ मिलिमीटर उरते. अर्ध्या मिलिमीटरच्या पार खाली. नुसतं लहान करून भागणार नव्हतं. लेबलसाठी वेगळी खोळ केली, २१ ऐवजी ७ रेघा आणि प्रत्येक तिप्पट जाड, म्हणजे लेबलवर बरोबर अर्धा मिलिमीटर. दोन्ही खोळी शेजारी मोठ्या करून पाहिल्या तर वेगळ्या वाटतात. आपापल्या मापात ठेवल्या की एकच वाटतात. शिक्का आणि फोनचं गोल चित्र यांत रेघा ठेवल्याच नाहीत, फक्त खोळ, आतला काठ आणि खालच्या दशा. नातू थोडा नाराज झाला. त्याला मी शिक्क्याचे दोन नमुने काढून दाखवले. रेघांच्या शिक्क्यात तिसऱ्या ठशालाच शाई भरून खोळ ठार काळी झाली होती. मग तो काही बोलला नाही.

रेघा आउटलाइन, म्हणजे नुसती जाडी दिलेली रेषा, म्हणूनच ठेवल्या तर लहान-मोठं करताना आणखी एक घोटाळा होतो. आउटलाइनच्या सेटिंगमध्ये वस्तूबरोबर जाडी बदलण्याची खूण केलेली नसेल तर आकार सहापट लहान होतो आणि रेघेची जाडी आहे तेवढीच राहते. पोताचा लगदा होतो. पॅटर्न फिलचंही, म्हणजे आकारात पुन्हापुन्हा उमटणाऱ्या नक्षीच्या भरावाचंही, तसंच आहे, त्यातही आकाराबरोबर बदलण्याची वेगळी खूण असते. तुमच्या संगणकावर ती चालू असेल, छापणाऱ्याच्या संगणकावर तुमच्यामागे काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून फाइल बाहेर जाण्याआधी आउटलाइनचं वस्तूत रूपांतर करायचं, कंट्रोल-शिफ्ट-क्यू.

इंकस्केपवर काम करणाऱ्यांना यातलं काहीही अडायचं कारण नाही. तिथे ट्रिमचं काम डिफरन्स करतं, वेल्डचं युनियन, आणि आउटलाइनसाठी स्ट्रोक टू पाथ. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या प्रकरणातली प्रत्येक पायरी त्यात होते. फक्त डिफरन्सनंतर रेघा मागे राहत नाहीत, म्हणून आधी त्यांची एक प्रत काढून ठेवा.

काळ्या पिशवीचा विचार नातवाने सगळ्यात शेवटी काढला. सरळ उलटं केलं, म्हणजे खोळ पांढरी आणि रेघा काळ्या, तर चित्र स्वच्छ येतं पण काळी घोंगडी पांढरी होते. दिवसभर मी त्याच्याशी झटले. मग लक्षात आलं की कापड आधीच काळं आहे. घोंगडीचं अंग छापायची गरजच नाही. ट्रिमच्या वेळी बाजूला ठेवलेल्या त्या २१ रेघा आणि काठाची एक ओळ, एवढंच छापायचं. शाई पिवळी घेतली, भंडाऱ्याची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवापुढे भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, काळ्या लोकरीवर पिवळं पडलेलं या लोकांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. नातवाला मी रंगाचं कारण सांगायला लागले, तर त्याने आधीच मान डोलावली होती.

काकांनी मांजरपाटावर पहिल्या दिवशी ५० पिशव्या काढल्या. जाळी एकदाही तुंबली नाही. त्यांनी मला बोलावून ओली पिशवी तिरकी धरून दाखवली. रेघ जिथे तुटत होती तिथे मांजरपाटाचा जाडाभरडा धागा उघडा पडला होता आणि त्याचीच थोडी लोकर झाली होती. हे माझ्या फाइलमध्ये कुठेही नव्हतं. कापडाने आपली भर घातली होती.

आता नातवाला टोप्या हव्या आहेत, भरतकाम केलेल्या. भरतकाम करणाऱ्यांना मी ७ रेघांचीही फाइल दिलेली नाही. अखंड खोळ दिली आहे आणि सोबत एकच सूचना लिहिली आहे की टाके सगळे आडवे घ्यावेत, काठापासून काठापर्यंत. धागा तिथे खराच असणार, मग धाग्याचं चित्र कशाला. नमुना पुढच्या आठवड्यात येईल. आला की आधी आजोबांना दाखवायला न्यायचा आहे.